रस्त्याकडेचं रान: कापायचं केव्हा, ठेवायचं किती

जूनमध्ये दोन सरी बऱ्या पडल्या की पनवेलच्या बाजारात टाकळ्याच्या जुड्या दिसू लागतात. कर्नाळ्याकडच्या आणि माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांतून ठाकूर-कातकरी बायका त्या आणतात आणि आपण हौसेने घेतो. जुलैत तोच टाकळा नेरे रस्त्याच्या साईडपट्टीवर गुडघाभर होतो, तेव्हा त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. गणपतीच्या तोंडावर तो कमरेला लागतो, वळणाचा फलक दिसेनासा होतो, आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर, ग्रामपंचायतीत, महापालिकेत एकच ओरड सुरू होते: गवत काढा.

ओरड रास्त असते, वेळ मात्र चुकलेली असते. कोकणच्या रस्त्यांची डागडुजी गणपतीच्या हिशेबाने होते, त्याला इलाज नाही. चाकरमानी गावी निघायच्या आत खड्डे बुजवायचे, कडा साफ करायच्या, असा तो दरवर्षीचा खाक्या. पण गणपती २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला आले, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, आणि २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला येतात. तणं पंचांग बघत नाहीत. ऑगस्टच्या शेवटी टाकळा फुलायला लागतो, गाजर गवताची तर तोवर एक पिढी बी टाकून मोकळी झालेली असते. तेव्हा कापलं तर रस्ता चार दिवस स्वच्छ दिसतो आणि पुढच्या वर्षीची पेरणी आपण आपल्या हाताने करून ठेवतो.

हा लेख त्या ओरडणाऱ्यांसाठीच आहे. सोसायटीच्या कमिटीतले, ग्रामपंचायत सदस्य, शाळेसमोरचा रस्ता सांभाळू पाहणारे शिक्षक, नेरे-वावंजे पट्ट्यातले फार्महाऊसवाले आणि गवत कापायचा छोटा ठेका घेणारे, या सगळ्यांनी वाचावा.

आधी एक गैरसमज काढून टाकू. रस्त्याकडेची जमीन नागडी करायची नसते. पनवेलला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. साईडपट्टी म्हणजे दाबलेला मुरूम. त्याला धरून ठेवतं ते गवताचं मूळ. जेसीबीने कडा खरवडून ‘एकदम क्लीन’ केलेली साईडपट्टी पहिल्या मोठ्या पावसात गटारात उतरते, डांबराची कड उघडी पडते, आणि दुचाकीचं चाक त्या कडेवरून घसरतं. त्यामुळे रस्त्यालगत घोट्याएवढं गवत हवंच. ते वाढू द्यायचं नाही, एवढंच आपलं काम. आणि सगळ्या रस्त्यावर सारखी मेहनत करायचीही गरज नाही. मनुष्यबळ थोडं असतं, पैसा त्याहून थोडा. तो तीन ठिकाणी लावा: वळणाची आतली बाजू, फाटे आणि मोऱ्या.

वळणावर किती कापायचं हे अंदाजपंचे ठरवू नका. इंडियन रोड्स काँग्रेसचं एक साधं माप आहे. वाहन ताशी ४० किलोमीटरने येत असेल तर चालकाला पुढचं ४५ मीटर दिसायला हवं. ५० ला ६० मीटर, ६० ला ८० मीटर, ८० ला १२० मीटर. एवढं दिसलं तर अडथळा बघून ब्रेक मारून थांबता येतं. या मापात चालकाचा डोळा रस्त्यापासून १.२ मीटर उंचीवर आणि रस्त्यात पडलेली वस्तू १५ सेंटिमीटर उंचीची धरलेली असते. म्हणजे तपासणी दोन माणसं आणि एका विटेत होते. वीट उभी करून वळणाच्या पलीकडे रस्त्याच्या कडेला ठेवा. कारमध्ये बसल्यावर डोळा जेवढा उंच असतो तेवढं गुडघ्यात वाकून अलीकडून बघा. ४५ मीटरवरून वीट दिसत नसेल तर ज्या ठिकाणचं रान आड येतं तिथे काठी रोवून लाल चिंधी बांधा. कापायचं ते त्या काठीपर्यंत. बहुतेक वेळा संपूर्ण वळण साफ करायची गरजच नसते, आतल्या बाजूचा वीस-पंचवीस मीटरचा तुकडा मोकळा झाला की काम होतं. हे करताना वाहनांवर नजर ठेवायला तिसरा माणूस लागतोच. आणि रहदारीच्या महामार्गावर हा उद्योग मुळीच करू नका. तो गावरस्त्यांसाठी आणि वसाहतीतल्या रस्त्यांसाठी आहे.

फाट्यावर मुख्य रस्त्याला लागताना दोन्ही बाजूंचं दिसायला हवं. इथे गवतापेक्षा घोळ होतो तो सुबाभळीच्या रोपांचा, एरंडाचा आणि कुणीतरी हौसेने लावलेल्या मेंदीच्या कुंपणाचा. कुंपण ज्याचं आहे त्याला भेटून सांगितलं तर बहुतेक जण ऐकतात. पत्र पाठवलं तर वाद होतो.

आता तणांची ओळख. कापणारा ठेकेदार सगळ्याला ‘गवत’ म्हणतो आणि सगळ्यावर एकच मशीन फिरवतो. खरं नुकसान तिथेच होतं.

टाकळ्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. वळणावर, फलकासमोर, मोरीच्या तोंडाशी असलेला टाकळा काढाच. जुलैत ओल्या मातीतून तो हाताने मुळासकट निघतो, कोयताही लागत नाही. पण उताराच्या पलीकडे, गटाराबाहेरच्या पट्ट्यात दाट माजलेला टाकळा राहू द्यावा. तो एका हंगामाचा सोबती, हिवाळ्यात आपोआप वाळतो, आणि दाट वाढला की गाजर गवताला डोकं वर काढू देत नाही. मुद्दाम टाकळा पेरून गाजर गवत हटवायचे प्रयोगही आपल्या देशात झालेले आहेत. त्याच्या पानांवर पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. वाळलेल्या शेंगांतलं बी गोळा करून विकणारेही आहेत, कारण त्यापासून उद्योगांसाठी डिंक बनतो. मात्र भाजीसाठी रस्त्याकडेचा टाकळा तोडू नका. धूर, धूळ, आणि कुणी काय फवारलं असेल त्याचा भरवसा नाही.

गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, हा खरा शत्रू. १९५०च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि तिथून ते देशभर पसरलं. पनवेल परिसरात ते पसरतं मुख्यतः भरावाच्या मातीतून. रुंदीकरण, नवे टॉवर, विमानतळाकडचे रस्ते, जिथे बाहेरून मुरूम-माती येऊन पडते तिथे दुसऱ्या पावसाळ्यात पांढरी बारीक फुलं दिसतातच. एका मोठ्या झाडापासून हजारोंनी बी पडतं. पंधरा-वीस हजार हा आकडा तज्ज्ञ सांगतात. बी उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलं, की झालं. ओल असेल तर वर्षातून तीन-चार पिढ्या.

त्याला कापून उपयोग नाही. बुंध्यातून पुन्हा फुटतं. ते उपटायचं, आणि फुलाआधी उपटायचं. पान गाजराच्या पाल्यासारखं कातरलेलं असतं, रोप वीतभर झालं की ओळखू येतं, तोच मुहूर्त. हातमोजे हवेत, पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा, कारण या गवताने अंगाला खाज सुटते, चट्टे उठतात, काहींना दम्यासारखा त्रास होतो. ज्याला एकदा त्रास झाला त्याला पुन्हा त्या कामावर पाठवू नका. पुढच्या खेपेला जास्त होतो. फुलं आलेली असतील तर आधी शेंड्यावर प्लास्टिकची पिशवी चढवा, तोंड आवळा आणि मग उपटा. फुलाआधीचं गवत खड्ड्यात घालून खत करता येतं. फुलावर आलेलं खतात घालू नका, खड्डा नीट तापला नाही तर बी शेतात पोहोचतं.

आणि फुललेल्या गाजर गवतावर ब्रश कटर फिरवणं हा तर मूर्खपणा. परागकण हवेत उडतात, बी मशीनच्या पात्याला, गार्डला, कामगाराच्या बुटाला चिकटून पुढच्या गावात जातं. ठेकेदाराचं मशीन तुमच्या रस्त्यावर येण्याआधी कुठे चाललं होतं ते विचारा, आणि त्याला ते ब्रशने झाडून, पाण्याने धुऊन आणायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे. मी सांगतो म्हणून कुणी करत नाही, ठेक्यात लिहिलं तरच करतात.

या गवताची पानं खाणारा मेक्सिकन भुंगा १९८०च्या दशकात आपल्याकडे आणून सोडला गेला. पांढुरका, पाठीवर तपकिरी नागमोडी रेषा, असा तो पावसाळ्यात गाजर गवतावर दिसला तर त्या तुकड्यावर हात फिरवू नका, त्याला खाऊ द्या. तो एकटा सगळं संपवत नाही, पण फुलं कमी करतो. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयातर्फे १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह पाळतात. शाळांनी त्या आठवड्यात मुलांना तण दाखवावं, ओळखायला शिकवावं; उपटायला मात्र मुलांना लावू नये.

रानमोडीचं कॅलेंडर उलटं. पावसाळ्यात ती नुसती हिरवी झुडपं दिसते, फुलते दिवाळीनंतर, आणि तिचं बी म्हाताऱ्यांसारखं वाऱ्यावर उडतं. गुरं तोंड लावत नाहीत. वाळली की वणव्याला तिच्यासारखं सरपण नाही. कर्नाळ्याच्या उतारावर, धोदाणी-मालडुंग्याकडे जाताना ती भरपूर आहे. तिला ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, जमीन ओली असतानाच, कुदळीने मुळासकट काढायची. नुसती छाटली तर दुप्पट फांद्या फुटतात.

घाणेरीचंही तसंच. वरून कितीही तोडा, ती हटत नाही. मूळ आणि खोड जिथे जुळतं तिथे जमिनीखाली दोन-तीन बोटं कुदळ घालून तोडायचं, झुडूप उलटं करून मुळं उन्हाकडे ठेवायची. पुढच्या पावसाळ्यात आजूबाजूला पक्ष्यांनी टाकलेल्या बियांची रोपं येतात, ती हाताने उपटायची. दोन वर्षं हे केलं तर तुकडा मोकळा होतो.

सुबाभळीचं रोप पहिल्या पावसाळ्यातच निघतं. दुसऱ्या वर्षी त्याला पहार लागते. तिसऱ्या वर्षी खोड झालं की पालिका हद्दीत वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय हात लावू नका. महाराष्ट्राचा शहरी भागातला झाडांचा कायदा १९७५चा आहे आणि तो बाभूळ-सुबाभूळ असा भेदभाव करायला तुम्हाला-मला मुभा देत नाही. ग्रामीण भागात वृक्षतोडीचा १९६४चा वेगळा कायदा आहे.

एक वेल मात्र ठेकेदाराला स्वतः नेऊन दाखवा: खाजकुइली. कुंपणावर, सुबाभळीवर चढते. हिवाळ्यात तिच्या शेंगांवर सोनेरी-तपकिरी लव येते आणि ती अंगावर पडली की माणूस वेडापिसा होतो. वाळलेल्या खाजकुइलीवर मशीन मारलं तर कापणाऱ्याची आणि रस्त्याने जाणाऱ्या दुचाकीस्वाराची, दोघांची वाट लागते. ती ऑगस्टमध्ये, शेंगा धरायच्या आधी, बुडातून कापायची. लव लागलीच तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग भरपूर पाण्याने धुवा.

खाडीकडच्या रस्त्यांना एक इशारा. कामोठे, उलवे, जेएनपीटीकडच्या रस्त्यांना लागून खारफुटी आहे. तिवराचं झुडूप कडेला आलं, डास होतात, दिसायला अडतं, म्हणून कुणी ठेकेदार त्यावर कोयता चालवायला निघाला तर थांबवा. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खारफुटी तोडण्यावर बंदी घातलेली आहे. तो विषय वन विभागाच्या खारफुटी कक्षाचा आहे, सोसायटीचा नाही. कर्नाळ्यातही तेच: १९६८ पासून ते अभयारण्य आहे आणि महामार्ग त्यातून जातो. तिथल्या कडेला काय कापायचं ते वन विभागाला विचारल्याशिवाय ठरत नाही.

कापणी तीनदा करावी लागते. पहिली जुलैच्या मध्यावर. गवत वीतभर-दीड वीत असतं, कोवळं असतं, तबेलेवाले चाऱ्यासाठी घेऊन जातात, टाकळा हाताने निघतो. ही सगळ्यांत स्वस्त कापणी आणि हीच सगळे टाळतात. दुसरी ऑगस्टच्या उत्तरार्धात, बहुतेक गवतं निसवायच्या बेतात असताना. तिसरी पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी. ही वाळणाऱ्या गवताची, आगीसाठीची. पहिल्या दोन वेळा जमिनीपासून चार बोटं ते वीतभर उंची ठेवून कापा. तिसऱ्या वेळी अजून खाली घेतलं तरी चालतं.

पूर्वी बांधकाम खात्याचे मैलकुली हे काम विळ्याने, पाऊस बघून, आपापल्या मैलात करत. कुठली मोरी कधी तुंबते हे त्यांना तोंडपाठ. आता मैलकुली विरळा, काम ठेक्यावर, आणि ठेक्यात लिहिलेलं असतं ‘वर्षातून एकदा झाडेझुडपे काढणे’. म्हणून ग्रामपंचायतीने किंवा सोसायटीने स्वतःचा ठेका देताना चार गोष्टी लेखी घालाव्यात: कापणीच्या तीन तारखा, ठेवायची उंची, कापलेलं गवत उचलून न्यायची जबाबदारी, आणि गाजर गवत उपटूनच काढायची अट. पैसे एकरकमी देऊ नका, प्रत्येक फेरीनंतर द्या.

गवत उचलणं सर्वांत दुर्लक्षित. कापलेलं गवत तिथेच सोडलं की पुढच्या सरीत ते वाहत मोरीच्या तोंडाशी जाऊन बसतं. त्यात प्लास्टिकच्या पिशव्या अडकतात, मोरी तुंबते आणि पाणी रस्त्यावरून वाहायला लागतं. साईडपट्टीचा मुरूम तिथेच वाहून जातो. ज्या दिवशी कापलं त्याच दिवशी पंजाने ओढून ढीग करा आणि मोरीपासून दूर, उताराच्या वरच्या बाजूला टाका. गटारातलं पाणकणीस पावसात ओढत बसू नका, त्याचे गड्डे चिखलात राहतात. ते एप्रिल-मेमध्ये गटार सुकल्यावर खणून काढायचं काम आहे.

ब्रश कटर सपाट साईडपट्टीवर चांगला, गाड्या उभ्या असलेल्या गल्लीत वाईट. त्याची नायलॉनची दोरी खडा गोळीसारखा उडवते; १५ मीटरच्या आत कुणी उभं राहायचं नाही, आणि चालवणाऱ्याच्या तोंडावर जाळीचं किंवा पारदर्शक कवच हवं, नुसता चष्मा पुरत नाही. दगडी उतारावर आणि फलकाच्या खांबाशी विळाच बरा. रस्त्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर चमकणारं जाकीट, येणाऱ्या वाहनांच्या बाजूला पन्नास मीटर आधी कोन आणि झेंडी धरलेला एक माणूस, आणि कामगारांची तोंडं वाहनांकडे. सकाळी दाट धुकं किंवा मुसळधार पाऊस असेल तर काम बंद. एक्स्प्रेसवेवर पायी जायलाच बंदी आहे, तिथे स्वयंसेवा करायला कुणी जाऊ नये.

गमबूट घालायचे, कारण दोन. एक लेप्टो, साचलेल्या पाण्यात उघडी जखम घेऊन उतरू नये. दुसरं कारण घोणस. पावसाळ्यात गवताच्या बुडाशी ती वेटोळं करून पडलेली असते आणि तिचा रंग पाचोळ्यात मिसळतो. आधी लांब काठीने गवत हलवत जा, मग कापा, आणि कापलेला भारा कधीही उघड्या हाताने छातीशी कवटाळून उचलू नका. साप दिसला तर वन विभागाची १९२६ ही मदतवाहिनी आहे. चावलाच तर दोरी बांधणं, चिरा देणं असले प्रकार न करता, हातपाय न हलवता, १०८ ला फोन करून पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात.

आता फवारणी. दरवर्षी कुणीतरी सांगतं, ‘एवढी मजुरी कशाला? दोन पंप मारले की महिनाभर बघायला नको.’ फार्महाऊसच्या कुंपणाबाहेर, थेट रस्त्याच्या गटारापर्यंत पिवळा पडलेला पट्टा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. माझा स्पष्ट सल्ला: रस्त्याकडेला तणनाशक मारू नका. विषाचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी ते कामाचं नाही. मेलेलं गवत उभंच राहतं, फलक तसाच झाकलेला राहतो, फरक इतकाच की हिरव्याऐवजी पिवळ्याने. पुढे ते वाळून आगीला सरपण होतं. मुळं मेल्यावर उतार सुटतो. शिवाय पानावर औषध मुरायला काही तास कोरडे मिळावे लागतात, आणि जुलैतल्या पनवेलमध्ये ते मागणं म्हणजे चेष्टा आहे. धुऊन गेलेलं औषध गटारातून भातखाचरात, तिथून गाढी किंवा काळुंद्रे नदीत जातं. शेजारच्या शेतातल्या भेंडीवर, काकडीवर २,४-डी या तणनाशकाचा नुसता वारा गेला तरी पानं गुंडाळतात.

कायदाही तुमच्या बाजूने नाही. ग्लायफोसेटचा वापर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये परवानाधारक कीडनियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला. माळ्याच्या हाती पंप देऊन ते मारणं त्यात बसत नाही. पॅराक्वाट पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही, हे दुकानदार सांगत नाही. कुठलाही डबा हातात घेतला तर लेबलवरचा त्रिकोण बघा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणीने शेतमजूर दगावले, तेव्हापासून तरी आपण पंपाकडे साबणाच्या पाण्यासारखं बघायला नको. सोशल मीडियावर फिरणारा मिठाच्या पाण्याचा उपायही इथे नको. आपल्या तालुक्यातल्या खाडीलगतच्या गावांनी खाऱ्या पाण्यापायी शेती गमावलेली आहे. मीठ जमिनीत काय करतं हे त्यांना विचारा.

जाळणं तर नाहीच. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवला. रस्त्यावर धूर आला की समोरचं वाहन दिसत नाही, ही गोष्ट वेगळीच. खारघरच्या आणि माथेरानच्या डोंगरउतारांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये जे वणवे दिसतात त्यातले काही रस्त्याकडेच्या वाळल्या गवतात पडलेल्या विडी-सिगारेटपासूनही सुरू होऊ शकतात. म्हणूनच ती ऑक्टोबरची कापणी. डोंगराला लागून असलेल्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंना दोन-तीन मीटर पट्ट्यात उंच वाळलेलं गवत ठेवू नका आणि कापलेलं तिथून हलवा. जाळरेषा वन विभाग काढतो, त्याच्या नावाखाली आपण काडी लावायची नाही.

साफ केलेल्या जागी काय वाढावं? सपाट साईडपट्टीवर हरळी. ती आडवी पसरते, उंच होत नाही, आणि गणपतीत दूर्वा म्हणून तोडायला येणाऱ्यांमुळे तिची कापणी फुकटात होते. भरावाच्या उतारावर वाळा लावा, जूनअखेर, समपातळी ओळींत, दोन जुड्यांत वीतभर अंतर ठेवून. त्याची मुळं दोन-तीन मीटर खोल जातात आणि माती धरतात. दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल टिकतात, कारण गुरं त्यांना तोंड लावत नाहीत. झाडं लावायचीच असतील तर वळणाच्या आतल्या बाजूला आणि विजेच्या तारांखाली नकोत. गुलमोहर पावसाळ्यात फांदी टाकतो. करंज, बकुळ बरे. खड्डा खणण्याआधी महानगर गॅसचा पिवळा खांब किंवा केबलची खूण जवळपास आहे का ते बघा.

राहिला प्रश्न, सांगायचं कुणाला? पनवेलमध्ये एका फाट्यावर चार मालक असतात. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे एमएसआरडीसीचा. मुंबई-गोवा महामार्गाचा पळस्पे ते इंदापूर टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, त्यांचा क्रमांक १०३३. सायन-पनवेल सार्वजनिक बांधकाम विभागाचा. तळोज्यातले औद्योगिक रस्ते एमआयडीसीचे, शहरातले महापालिकेचे, गावाकडचे बरेचसे जिल्हा परिषदेचे. शंका आली तर किलोमीटरचा दगड बघा: पिवळा माथा राष्ट्रीय महामार्ग, हिरवा राज्यमार्ग, काळा किंवा निळा जिल्हा-शहराचा, केशरी ग्रामसडक. अर्थात दगड गवतात बुडालेला असेल तर आधी तेवढं गवत स्वतःच काढावं लागेल.

पत्र सप्टेंबरमध्ये देऊ नका. मान्सूनपूर्व कामांची यादी एप्रिल-मेमध्ये बनते, त्याआधी मार्चमध्येच द्या. पत्रात ‘रस्त्यालगत गवत वाढले आहे’ एवढंच लिहिलं तर ते फाईलमध्ये जातं. किलोमीटर क्रमांक, डावी की उजवी बाजू, वळण कुठलं, मोरी कुठली आणि गेल्या सप्टेंबरात तिथे काढलेला फोटो, एवढं जोडा. वीट ठेवून केलेल्या तपासणीत किती मीटर दिसलं तो आकडाही द्या. त्याला उत्तर देणं अभियंत्याला भाग पडतं. ‘आपले सरकार’ पोर्टलवर तक्रार केली तरी कागदी पत्राची पोच हातात ठेवा आणि त्यावर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आहे ना ते खिडकीवरून हलण्याआधी बघा. जुलैत पहिल्या कापणीसाठी पाठपुरावा करायला गेलात की कारकून आधी तो आवक क्रमांकच मागतो.